शब्दचर्चा : उंदराला ‘झटका’ येतो का?

मूळ प्रश्न
कोल्हापुरातील आमच्या महाविद्यालयात २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी भित्तिपत्रक तयार होत आहे. त्यासाठी जीवशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने ‘हृदयविकाराचा झटका आलेल्या उंदरांची सोनोग्राफी’ असा लेख दिला आहे. मजकूर बिनचूक आहे, परंतु संपादक म्हणून मला शीर्षकातील ‘झटका’ आणि ‘सोनोग्राफी’ हे दोन्ही शब्द खटकतात, आणि आत आलेल्या ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ला काय म्हणावे हेही ठरत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १
‘झटका’ येथे चालणार नाही, कारण झटका हा आपला आपण येतो आणि या प्रयोगात तो आलेला नसतो. भूल दिलेल्या उंदराची छाती उघडून हृदयाच्या डाव्या बाजूची, पुढून उतरणारी हृद्‌रोहिणी बारीक धाग्याने बांधली जाते, गाठीच्या पुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढा भाग मरतो. या मरण्याला इन्फार्क्शन म्हणतात. मराठीत आपण ‘झटका येऊन गेला’ असे म्हणतो तेव्हा ती घटना आणि तिने मागे ठेवलेली इजा ही दोन्ही एकाच शब्दात कोंबतो. इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मात्र दिसते ती इजाच.

पर्यायांविषयी म्हणायचे तर, मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘ठासून भरणे’ असा असल्याने शब्दशः भाषांतराचा काहीच उपयोग नाही. हिंदीतील ‘रोधगलन’मध्ये अडथळ्याचा उल्लेख येतो हे चांगले, पण मराठी कानाला ‘गलन’ म्हणजे गळणे वाटते. ‘अभिकोथ’ही सुचवला जातो, त्यातील ‘कोथ’ सडण्याकडे नेतो आणि हृदयाचा मेलेला स्नायू तर सडत नाही, त्या जागी हळूहळू वण धरतो. मी सरळ ‘हृद्‌स्नायुमृत्यू’ लिहीन. शब्द जड आहे, परंतु खोटा नाही.

प्रतिसाद २
मी राजारामपुरीत इको तपासणीचे काम करते, म्हणून दुसऱ्या शब्दापुरते लिहिते. आपल्याकडे ‘सोनोग्राफी’ म्हटले की पोटाची किंवा गरोदरपणातील तपासणी समजतात. हृदयाच्या तपासणीला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ‘टूडी इको’ किंवा नुसते ‘इको’ म्हणतात. तत्त्व एकच असले तरी लेखात ‘इको’ हाच शब्द ठेवावा.

अल्ट्रासाउंडला शालेय पुस्तकातील ‘श्राव्यातीत ध्वनी’ हा शब्द चांगला आहे, फक्त तो कोणाच्या श्रवणापलीकडचा, हे येथे विचारावे लागते. माणसाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ आहे, तर उंदीर त्याच्या कितीतरी वरचे आवाज ऐकतो आणि काढतोही. सुदैवाने इकोचे तरंग दोघांच्याही कानांपलीकडचे असतात. मोठ्या माणसासाठी आम्ही साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब (त्वचेवर टेकवून तरंग सोडणारे उपकरण) वापरतो, उंदरासाठी ३० ते ४० मेगाहर्ट्झपर्यंत जावे लागते. कंपने वाढली की बारकावा वाढतो आणि खोली कमी होते. उंदराचे हृदय त्वचेपासून काही मिलिमीटरवरच असल्याने हा सौदा परवडतो.

इजेक्शन फ्रॅक्शनला आमच्याकडे ‘पंपिंग’ म्हणतात आणि या शब्दाने फार घोटाळा होतो. शिरोळकडच्या एका आजोबांनी अहवालावरचा ६० हा आकडा पाहून मला विचारले होते, “म्हंजे चाळीस टक्के गेलंच म्हणायचं की ओ बाई?” वास्तविक ६० टक्के हे निरोगी हृदयाचे लक्षण आहे. डावे निलय, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, पूर्ण भरलेले असताना त्यात जेवढे रक्त असते, त्यापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडले, एवढेच तो आकडा सांगतो.

मूळ प्रश्नकर्ता
मॅडम, आभारी आहे. पंचगंगेच्या काठी वाढलेल्याला ‘उपसा’ हा शब्द सुचणारच. ‘उपसा-प्रमाण’ कसे वाटते? भरलेल्यापैकी किती उपसले, हा अर्थ त्यात आपोआप येतो.

प्रतिसाद १
अर्थ येतो, पण उपसा खालून वर होतो आणि उपसणारा बाहेरचा असतो. हृदय स्वतःच आवळून रक्त ढकलते. त्यापेक्षा ‘पंपिंगचे प्रमाण’ ठेवून पहिल्याच वापरात व्याख्या द्यावी. उंदराच्या डाव्या निलयात साधारण ५० मायक्रोलिटर रक्त मावते, म्हणजे सलाइनचा एक थेंब. त्या थेंबातील किती भाग बाहेर गेला हे मिनिटाला ५०० ते ६०० ठोके पडत असताना मोजायचे असते, असे लिहिले तर विद्यार्थ्यांना व्याख्या पुन्हा सांगावी लागणार नाही.

‘हृदयाचे कार्य’ हा शब्दप्रयोगही जपून वापरावा. भूल अधिक झाली की ठोके मंदावतात आणि इजा नसतानाही प्रमाण घसरते, त्यामुळे ठोक्यांचा वेग न देता नुसता आकडा छापू नये. शिवाय इकोच्या एम-मोड या पद्धतीत एकाच रेषेवरची हालचाल मोजली जाते. मेलेला भाग हृदयाच्या टोकाकडे असेल आणि रेषा त्याला न छेदता वरच्या भागातून गेली, तर उरलेला धडधाकट स्नायूच मोजला जाऊन निकाल फसवा चांगला येतो. म्हणून ‘एकूण कार्य’ आणि ‘भिंतीची स्थानिक हालचाल’ असे दोन वेगळे शब्द लेखात असावेत.

मूळ प्रश्नकर्ता
शीर्षक आता ‘हृद्‌स्नायुमृत्यूनंतर उंदराच्या हृदयाचा इको’ असे केले आहे. लेखात ‘सी५७ ब्लॅक ६’ या वाणाचा उल्लेख असूनही विद्यार्थिनीने शेजारी पांढराशुभ्र उंदीर रंगवला होता; तो काळा करायला सांगितला आहे.