मॅग्निट्स्की निर्बंधांनी परदेशी अधिकाऱ्यांना खरोखर झळ बसते का?

नदीकाठ: अमेरिकेने १० डिसेंबर २०२१ रोजी बांगलादेशच्या रॅपिड ॲक्शन बटालियन या पोलिसांच्या विशेष दलावर आणि त्याच्या काही आजी-माजी अधिकाऱ्यांवर मानवी हक्कांच्या उल्लंघनाबद्दल मॅग्निट्स्की निर्बंध लादले, म्हणजे अमेरिकेतील मालमत्ता गोठवली आणि व्यवहारांवर बंदी घातली. ज्याचे अमेरिकेत घर नाही की खाते नाही, अशा अधिकाऱ्याला त्याने काय फरक पडतो? शिवाय अमेरिकी परराष्ट्र खाते दरवर्षी देशोदेशींचा मानवी हक्क अहवाल काढते, त्यात नाव आले की निर्बंध आपोआप लागतात का?

जुना खातेदार: फरक पडतो, कारण हे हत्यार न्यायालयातून नव्हे, बँकेतून चालते. अमेरिकी अर्थखात्याच्या यादीत नाव गेले की डॉलरमध्ये व्यवहार करणाऱ्या इतर देशांतील बँकाही त्या माणसाला दारात उभे करीत नाहीत. हाँगकाँगच्या तत्कालीन प्रमुख कॅरी लॅम यांच्यावरील निर्बंध वेगळ्या आदेशाखालचे होते, पण परिणाम तोच झाला: पगार रोखीने मिळतो आणि घरात नोटांचे ढीग साचले आहेत, असे त्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये दूरचित्रवाणीवर स्वतःच सांगितले. एवढ्या मोठ्या पदावरच्या व्यक्तीला साधे बचत खाते मिळू नये, यातच सगळे आले.

टिपणवही: आपोआप काहीच लागत नाही. अहवाल ही नोंद आहे, निर्बंध हा स्वतंत्र निर्णय. सेर्गेई मॅग्निट्स्की या करसल्लागाराने २३ कोटी डॉलरचा करघोटाळा उघड केला आणि नोव्हेंबर २००९ मध्ये मॉस्कोच्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला. त्यावरून अमेरिकेत २०१२ साली त्याच्या नावाने फक्त रशियापुरता कायदा झाला आणि २०१६ साली तो जगभरासाठी विस्तारला. स्वयंसेवी संस्थांनी जमवलेली विश्वासार्ह माहितीही विचारात घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणूनच हुकूम कोणी दिला, कोणत्या तुकडीने पाळला, हे तारीखवार लिहून ठेवणाऱ्यांचे काम मला अहवालातील कडक शब्दांपेक्षा मोलाचे वाटते.

आडवाट: मोलाचे खरेच, पण नाव कोणाचे घालायचे हे शेवटी राजकारण ठरवते. सौदी पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येबद्दल २०१८ मध्ये १७ सौदी व्यक्तींवर निर्बंध आले. ती कारवाई सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्या संमतीने झाली, असे अमेरिकी गुप्तचरांचे मूल्यमापन २०२१ मध्ये जाहीर झाले, तरीही युवराज यादीबाहेरच राहिले. म्यानमारचे लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांचे नाव २०१९ मध्येच यादीत गेले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी सत्ता बळकावलीच.

नदीकाठ: आभारी आहे. बांगलादेशात मात्र त्या निर्बंधांनंतर ‘क्रॉसफायर’च्या, म्हणजे कथित चकमकींच्या, नावाखाली होणारे मृत्यू बरेच घटल्याचे तिथल्या मानवी हक्क संस्थांच्या नोंदींत दिसते, म्हणून तर हा प्रश्न पडला होता.