अकरा वर्षांच्या अध्यापनानंतर पोडायट्रीकडे वळावे का?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, लेस्टर

नमस्कार. मी मूळची सांगलीची असून गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या चपलेतून वर आलेला खिळा दिवसभर त्यांच्या तळव्यात रुतत राहिला आणि ते त्यांना कळले संध्याकाळी, फरशीवर रक्ताचे ठसे दिसल्यावर. मधुमेहाने पाय बधिर झालेले होते. जखम चिघळली आणि पुढे अंगठा काढावा लागला. त्या काळात मी पायांविषयी जे जे वाचले, त्यातून पोडायट्रीचे, म्हणजे पायांच्या आजारांवर उपचार करण्याचे, काम आपणच करावे असे मनाने घेतले आहे. शिकवण्याचा मला कंटाळा आलेला नाही, म्हणून तर हा निर्णय अधिक अवघड वाटतो. वय ४१, मुलगा शाळेत, घराचा हप्ता दोघांच्या पगारावर. आमचे नागरिकत्व इथलेच आहे. माझी वनस्पतिशास्त्राची पदवी शिवाजी विद्यापीठाची आहे. ती चालेल का, आणि पैशांचे गणित कसे बसवावे?

उत्तर : पूर्वी प्राथमिक शिक्षक, आता एनएचएसमध्ये (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) पोडायट्रिस्ट

ताई, इंग्लंडमध्ये पूर्णवेळ पदवी तीन वर्षांची असते. हातात पदवी असणाऱ्यांसाठी काही विद्यापीठांत दोन वर्षांचा पदव्युत्तर मार्गही आहे. मात्र तुमच्या पदवीत मानवी शरीरशास्त्र कितपत होते, हे ते पाहतील. भारतीय पदवीच्या समकक्षतेचे पत्र परदेशी पदव्या तपासणाऱ्या यूके एनिक या संस्थेकडून आधीच मागवून ठेवा. कोणताही अभ्यासक्रम निवडताना तो आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी ठेवणाऱ्या हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलने मान्य केलेला आहे ना, हे आधी तपासा, कारण त्या नोंदणीशिवाय स्वतःला पोडायट्रिस्ट म्हणवणे कायद्याने वर्ज्य आहे.

एरवी दुसऱ्या पदवीला शिक्षणकर्ज मिळत नाही. पोडायट्री त्याला अपवाद आहे. शिवाय एनएचएसच्या लर्निंग सपोर्ट फंडातून वर्षाला ५,००० पौंड मिळतात आणि ते परत करावे लागत नाहीत. तरीही खरा फटका पुढे बसतो. नव्या पोडायट्रिस्टची सुरुवात एनएचएसच्या पगारश्रेणीतल्या बँड ५ वर होते आणि अकरा वर्षांच्या शिक्षिकेला तो पगार कमीच वाटेल. म्हणून दोन वर्षांचा नव्हे, निदान पाच वर्षांचा हिशेब यजमानांसोबत बसून मांडा. शिकता शिकता पगार हवा असेल, तर एनएचएसच्या संस्थांमार्फत होणारी पदवी-अप्रेंटिसशिप पाहा. जागा थोड्या असतात, पण संसार सांभाळणाऱ्याला तोच रस्ता सर्वांत झेपणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : अंतिम वर्षाची विद्यार्थिनी

पैशांइतकाच वेळेचाही विचार करावा. अभ्यासक्रमात सुमारे १,००० तास प्रत्यक्ष रुग्णसेवा असते आणि त्या आठवड्यांत मुलाला शाळेतून आणायला जमेलच असे नाही. पहिल्या वर्षी स्कॅल्पेल हातात आले तेव्हा मला घाम फुटला होता. टाचेवरचा किंवा बोटाखालचा घट्टा पापुद्र्यासारखा एकेक थर करून काढायचा असतो, आणि मधुमेही रुग्णाच्या पिवळट घट्ट्याखाली कधी कधी ओली जखम निघते, जिची त्याला जाणीवच नसते. बधिरपणा तपासताना दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवतात आणि डोळे मिटलेल्या रुग्णाने स्पर्श जाणवताच ‘हो’ म्हणायचे असते. परवा एक आजोबा तसेच शांत पडून राहिले; माझा सहा ठिकाणी धागा टेकवून झाला होता. त्यानंतर त्यांना रोज पाय कसे पाहावेत, बुटात हात फिरवून मगच ते का घालावेत, हे समजावणे माझ्याकडे आले. तिथे, ताई, तुमची अकरा वर्षे कामी येतील. आमच्या वर्गात पूर्वी शिकवत असलेले दोघे जण आहेत आणि रुग्णाला न घाबरवता पटवून देण्यात ते आम्हा सगळ्यांच्या पुढे आहेत.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, पुणे

पुढे सांगलीला परतण्याचा विचार मनात असेल, तर एक गोष्ट जाणून असावी. इथे हे काम बहुधा सर्जन, मधुमेहतज्ज्ञ, ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिका आणि पादत्राणे बनवणारे कारागीर यांच्यात वाटलेले असते. पोडायट्रिस्ट ही ओळख सामान्य रुग्णाला ठाऊक नसते. गरज मात्र अफाट आहे. बधिर पायांसाठी मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रे असलेल्या) रबराच्या चपला आपल्याकडे कुष्ठरुग्णांसाठी कित्येक वर्षांपासून बनतात, पण मधुमेही माणसाला त्या घाला म्हणून सांगणारे कोणी वेळेवर भेटत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. ऑगस्टअखेर शाळा सोडायची तर राजीनामा ३१ मेपर्यंत द्यावा लागतो, त्यामुळे यंदा घाई करणार नाही. अप्रेंटिसशिपची चौकशी करते, आणि सुट्टीत जवळच्या क्लिनिकमध्ये दोन दिवस काम पाहू देण्याची विनंती आजच पाठवली आहे. पूर्वी शिकवत असलेल्या त्या दोघांशी बोलता आले तर फार बरे होईल. त्यांना विचारून सांगाल का?