दूरच्या ॲक्सेस सर्व्हरसाठी ‘रीलोड’ आज्ञेचा कोणता पर्याय वापरावा?

प्रश्न:
आमच्याकडे सिस्को आयओएसवर (सिस्को कंपनीच्या नेटवर्क उपकरणांच्या प्रणालीवर) चालणारा रिमोट ॲक्सेस सर्व्हर आहे. त्याची ॲक्सेस लिस्ट (कोणाला आत येऊ द्यायचे याची यादी) बदलून तो रीबूट करायचा आहे. मात्र मी त्याच सर्व्हरवर एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीने) शिरतो, त्यामुळे एखादी ओळ चुकली तर मीच बाहेर राहीन आणि तिथे कन्सोलपाशी (सर्व्हरला थेट केबलने जोडून काम करण्याच्या जागी) बसायला कोणी नाही. रीबूट करणाऱ्या ‘रीलोड’ आज्ञेपुढे ‘इन’, ‘ॲट’, ‘कॅन्सल’ असे पर्याय दिसतात. यांपैकी कोणता, केव्हा द्यावा?

उत्तर १:
तुम्हाला ‘इन’ हवा आहे आणि तो बदलानंतर नव्हे, बदलाआधी द्यायचा असतो. चालू कॉन्फिगरेशन बरोबर आहे याची खात्री करून ते सेव्ह करा, ‘रीलोड इन १५’ द्या आणि मगच ॲक्सेस लिस्टला हात लावा. जोडणी तुटली तर स्वस्थ बसा. पंधरा मिनिटांनी सर्व्हर रीबूट होईल, सेव्ह न केलेला बदल पुसला जाईल आणि जुनी यादी परत येईल. जोडणी टिकली तरी लगेच निर्धास्त होऊ नका, कारण आधीपासून उघडे असलेले सेशन चालू राहते आणि नवे मात्र नाकारले जाते, असे होऊ शकते. दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून पाहा, मग ‘रीलोड कॅन्सल’ आणि सर्वांत शेवटी बदल सेव्ह करणारी ‘राइट मेमरी’ आज्ञा. घाईने आधीच सेव्ह केलेत, तर रीबूटनंतर तीच चूक परत तुमच्यासमोर उभी राहील.

‘ॲट’ला घड्याळाची वेळ लागते, उदाहरणार्थ ‘रीलोड ॲट ०२:३०’. सर्व्हरचे घड्याळ लावलेले नसेल तर तो निरुपयोगी आहे. ठरलेला रीबूट ‘शो रीलोड’ने दिसतो.

उत्तर २:
वरील क्रम योग्यच आहे, पण त्याआधी ‘शो व्हर्जन’ देऊन शेवटच्या ओळीतले कॉन्फिगरेशन रजिस्टर (सुरू होताना सर्व्हरने काय करायचे हे ठरवणारा आकडा) पाहा. ते सहसा ०एक्स२१०२ असते. पासवर्ड परत मिळवताना कोणी ते ०एक्स२१४२ करून तसेच विसरले असेल, तर सर्व्हर स्टार्टअप कॉन्फिगरेशन (म्हणजे सेव्ह केलेले कॉन्फिगरेशन) वाचतच नाही आणि कोरा उठतो. मी एकदा हे न पाहता रीबूट केला आणि मग कन्सोल केबल घेऊन प्रवास करावा लागला.

प्रश्नकर्ता:
आपण सुचवले म्हणून पाहिले, तर खरोखरच २१४२ निघाले! ‘कॉन्फिग-रजिस्टर ०एक्स२१०२’ दिल्यावरही तिथे जुनाच आकडा का दिसतो?

उत्तर २:
त्याच ओळीत पुढे कंसात ‘पुढील रीलोडला ०एक्स२१०२ होईल’ अशा अर्थाचा मजकूर असेल. तो असेल तर काम झाले आहे. रजिस्टरचा बदल रीबूटनंतरच लागू होतो.

उत्तर ३:
केवळ एखादी लाइन (वापरकर्ता ज्यावरून जोडला जातो तो मार्ग) अडकली असेल, तर सगळ्यांना बाहेर काढणारा रीबूट करू नका. ‘शो यूजर्स’मधून लाइनचा क्रमांक घेऊन तेवढीच ‘क्लिअर लाइन’ने मोकळी करता येते.