मदत हवी आहे: दारू आणि कोकेन एकत्र घेतल्यावर शरीरात काय होतं, हे भावाला कसं पटवू?

माझा धाकटा भाऊ दोन्ही एकत्र घेतो. म्हणतो, "दारूने कोकेनचा ताण उतरतो." परवा रात्री तीनला त्याचं मनगट धरून बसले होते, नाडी इतकी जोरात उडत होती की मला मोजताच येईना. शेवटी इमर्जन्सीत नेलं. दोन्ही घेतल्याचं डॉक्टरांना सांगायला तो तयार नव्हता, मीच सांगितलं.

तेव्हापासून वाचतेय. एरवी यकृतातलं एक एन्झाइम कोकेनचे तुकडे करून त्याला निष्क्रिय करतं. रक्तात दारू असली की तेच एन्झाइम काही कोकेनला दारूशी जोडून कोकाइथिलीन नावाचा तिसराच पदार्थ बनवतं. तो कोकेनपेक्षा जास्त वेळ रक्तात टिकतो, हृदयालाही जास्त घातक. म्हणजे उतारा कसला, उलट भरच!

इथे फार्मसी किंवा वैद्यकीय क्षेत्रातलं कुणी आहे का? दारू आधी की नंतर, याने कोकाइथिलीन कमीजास्त बनतं का? भाऊ हाच मुद्दा काढून वाद घालतो. आणि ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांनी प्लीज सांगा, पहिलं बोलणं कसं सुरू केलंत? मी तोंड उघडलं की तो उठून जातो.