गडद रंगाच्या गाडीसाठी पॉलिश आणि वॅक्स: नेमकं काय घ्यावं?

नीलरंग
गाडी सहा वर्षांची, रंग गडद निळा. सावलीत उभी असली की छान दिसते, पण उन्हात बॉनेटकडे पाहिलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात. टप धुतल्यानंतरही हाताला खरखरीत लागतो. शिवाय डाव्या मागच्या दारावर एक लांब ओरखडा आहे, सायकलचं हँडल घासून गेलं असावं.

दुकानात गेलो तर एकाच फळीवर रबिंग कंपाउंड, पॉलिश, क्लीनर वॅक्स, कार्नौबा पेस्ट, सीलंट, सिरॅमिक स्प्रे. प्रत्येक डब्यावर चमकेची हमी, पण कशानंतर काय लावायचं हे कुठेच नीट लिहिलेलं नाही. मशीन नाही, हातानेच करणार. एक पूर्ण दिवस देऊ शकतो. गाडी अजून बरीच वर्षं ठेवायची आहे, त्यामुळे रंगाला इजा होईल असं काही नको. काय घ्यावं आणि कोणत्या क्रमाने लावावं?

चौथा गिअर
मी मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड वापरतो आणि वर त्यांचंच लिक्विड वॅक्स. हाताने लावायला दोन्ही सोपी आहेत. माझी गाडीही गडद रंगाचीच, निकाल चांगला मिळाला.

रंगकाम
नावं नंतर बघू. आधी एक गोष्ट पक्की करा, म्हणजे अर्धी फळी आपोआप बाजूला होईल. पॉलिश रंगातून काहीतरी काढतं, वॅक्स रंगावर काहीतरी चढवतं. पॉलिशमध्ये बारीक कण असतात, बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, आणि ते पृष्ठभाग घासून सपाट करतात. कंपाउंड म्हणजे त्याचाच जाड भाऊ. निव्वळ वॅक्स आणि सीलंट काहीच घासत नाहीत, फक्त वर पातळ संरक्षण ठेवतात. चऱ्यांवर कितीही वॅक्स लावलं तरी चरे जात नाहीत आणि नुसतं पॉलिश करून सोडलं तर रंग उघडाच राहतो.

आता काढायला तुमच्याकडे शिल्लक किती आहे ते बघा. आजच्या बहुतेक गाड्यांवर खाली प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला हाच थर वाचवतो. हाताने बारीक पॉलिश केलं तर त्यातला नगण्य भाग जातो, पण मशीनवर कंपाउंड चालवलं तर काही मायक्रॉन सहज जातात. गेलेले परत येत नाहीत. म्हणून माझा नियम एकच: ज्याने काम भागेल त्यातलं सगळ्यात सौम्य घ्यायचं.

ते गोल चरे प्रत्यक्षात गोल नसतात. धुताना-पुसताना पडलेले सरळ, बारीक चरे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. त्यातले प्रकाशाच्या उगमाभोवती आडवे आलेलेच डोळ्यात चमकतात, म्हणून जाळं गोल भासतं. रात्री टॉर्च घेऊन बॉनेटवर फिरवून बघा, जाळं टॉर्चबरोबर सरकेल. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कळतं, चरे पडतात ते फडक्यामुळे आणि पुसण्याच्या पद्धतीमुळे. ती बदलली नाही तर पॉलिश दरवर्षी करत बसावं लागेल आणि क्लिअर कोट त्यातच संपेल.

टपाची खरखर हा वेगळा प्रश्न आहे. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, झाडांचा चीक, रस्त्यावरचं डांबर असं रंगात रुतून बसलेलं असतं. धुतलेल्या टपावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा, खरखर कितीतरी जास्त जाणवेल. यावर उपाय क्ले बार, म्हणजे रुतलेला मळ ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी. भरपूर शाम्पूचं पाणी किंवा त्याचं वंगण मारून चपटी केलेली क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायची आणि मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. हातातून जमिनीवर पडली तर तो तुकडा सरळ टाकून द्या, एक खडा चिकटला तरी टपभर चरे उमटतील. क्ले स्वतःही अगदी पुसट खुणा सोडते, म्हणून ती पॉलिशच्या आधी येते.

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत असेल तर तो पॉलिशने जाण्याइतका उथळ नाही. तो बुजवण्याच्या हट्टाने घासत राहू नका. टच-अप रंगाने भरून घ्या.

सावलीत उभी
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. भर एवढीच, की बॉनेटवर साधारण वीतभर रुंदीचा चौकोन चिकटपट्टीने आखा आणि आधी फक्त तिथेच बारीक पॉलिश करून बघा. झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून पुसा. काही पॉलिशमध्ये तेलं आणि भरण असतं. ते चऱ्यांत बसतं, त्या दिवशी रंग आरशासारखा दिसतो आणि चार वेळा गाडी धुतली की चरे पुन्हा वर येतात. अल्कोहोलने पुसल्यावरही चौकोन स्वच्छ दिसला तरच काम खरं झालं. नाही झालं तर मग कंपाउंडकडे जा, थेट तिथून सुरुवात नको.

काम सावलीत आणि थंड पत्र्यावर करा. हाताला कोमट लागतोय तोवर थांबा, नाहीतर पॉलिश लावता लावता वाळतं आणि पुसताना ओढ लागते.

रात्रपाळी
कडांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी एका कार्यशाळेत गाडी बफिंगला दिली होती. तिथे रोटरी मशीन वापरलं आणि बॉनेटच्या मधल्या उंच रेषेवरचा क्लिअर कोट पार उडाला. वळणावर आणि कडेवर थर मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा जोर तिथेच येतो. शेवटी पूर्ण बॉनेट रंगवावा लागला. त्याचं दुःख अजून जात नाही, कारण मूळ कारखान्याचा रंग होता. हाताने करणार असलात तरी कडांवर चिकटपट्टी लावा. पुढेमागे मशीन घेतलंत तर ड्युअल ॲक्शन घ्या. त्याचं पॅड फिरताना डोलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही.

आणि कुठला भाग नव्याने रंगवला असेल तर त्यावर लगेच वॅक्स चढवू नका. आतली द्रावणं उडून जायला वेळ लागतो. किती थांबायचं ते रंगवणाऱ्यालाच विचारा, प्रत्येक रंगाचं वेगळं असतं.

नवा टायर
एवढी खटपट कशाला? सिरॅमिक कोटिंग करून घ्या. ९एच कडकपणा असतो, ओरखडेच पडत नाहीत.

रंगकाम
नवा टायर, याच समजुतीने अनेकांनी पैसे घातलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. ते ९एच पेन्सिलीच्या चाचणीतलं आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या शिशाच्या पेन्सिली थरावर ओढून कुठली ओरखडा पाडते ते बघतात आणि त्या मापात ९एच ही वरच्या टोकाची पेन्सिल. हिऱ्याचा कडकपणा १० मोजतात ते खनिजांचं माप निराळं. कोटिंगवर पाणी ठरत नाही, मळ लवकर निघतो, टिकतंही वॅक्सपेक्षा खूप जास्त. पण वाळूने भरलेलं फडकं फिरवलं तर त्यावरही चरे पडतात. शिवाय कोटिंगच्या आधी रंग नीट पॉलिश केलेला नसेल तर सगळे चरे त्याच्याखाली बंद होऊन राहतात. म्हणजे खटपट चुकत नाही.

नीलरंग, तुमच्यासाठी माझी यादी: क्ले बार, एक बारीक पॉलिश, एक सीलंट आणि चांगली मायक्रोफायबर फडकी. कार्नौबा ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं आणि गडद रंगावर त्याची ऊबदार खोल झळाळी मला फार आवडते. पण बहुतेक कार्नौबा वॅक्स काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतं, तर कृत्रिम सीलंट त्याहून बरंच जास्त. गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर सीलंट. कॉलिनाइटचं ८४५ हे जुनं आणि खात्रीचं नाव आहे. ते वॅक्सच आहे, पण टिकायला सीलंटच्या तोडीचं. अगदी पातळ लावायचं, जाड थराने चमक वाढत नाही, फक्त पुसताना हात दुखतात.

कंपाउंड आत्ता घेऊ नका.

नीलरंग
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर बसलो. पिशवी घालून टपावरून बोटं फिरवली तेव्हा इतका मळ रुतलेला असेल यावर विश्वासच बसेना. क्ले फिरवल्यावर पत्रा काचेसारखा गुळगुळीत झाला.

बॉनेटवर चौकोन आखून बारीक पॉलिश दोनदा केलं आणि अल्कोहोलने पुसून टॉर्च लावला. जाळं बहुतेक गेलं, दोन-तीन खोल रेघा राहिल्या. त्या तशाच ठेवणार आहे, त्यांच्यासाठी सगळा बॉनेट कंपाउंडने घासायची इच्छा नाही. दारावरच्या ओरखड्यात नख अडकतं, त्यामुळे टच-अप. वॅक्स ८४५ लावलं. संध्याकाळी रंगात झाडांच्या फांद्या स्पष्ट दिसत होत्या, बराच वेळ नुसता बघत उभा होतो.

दोन शंका. आरशाखालच्या काळ्या प्लास्टिकवर पॉलिश लागून पांढरे डाग राहिलेत, ते कसे काढू? आणि वॅक्स पुन्हा कधी लावायचं?

सावलीत उभी
डागांवर पेन्सिलीचा साधा खोडरबर घासून बघा, बऱ्याचदा निघतात. राहिलेच तर सौम्य क्लीनर आणि मऊ टूथब्रश. पुढच्या वेळी प्लास्टिकलाही चिकटपट्टी.

रंगकाम
वॅक्सचं पाण्यावरून कळतं. धुताना बॉनेटवर थेंब गोल आणि ताठ राहिले तर वॅक्स आहे, पाणी पसरून चादरीसारखं चिकटून राहायला लागलं की पुन्हा लावा. मात्र आधी शाम्पूने नीट धुवून बघा, कधीकधी वर नुसता मळ बसलेला असतो आणि वॅक्स खाली शाबूत असतं.

धुताना दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची आणि एक फक्त हातमोजा खंगाळायची. वरून खाली या, चाकांना वेगळं फडकं. कोरड्या धुळीवर फडकं कधीच फिरवू नका, झटकणीसुद्धा नको. पक्ष्यांची विष्ठा दिसली तर ओलं फडकं दोन मिनिटं नुसतं ठेवून ती भिजू द्या, मग उचला. उन्हात तशीच राहिली तर क्लिअर कोटवर तिचा ठसा कायमचा उमटतो.