ओएम-१ चा व्ह्यूफाइंडर घरी उघडावा का?

राजारामपुरीकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांचा ऑलिंपस ओएम-१ कॅमेरा गेल्या महिन्यात माळ्यावरच्या पेटीतून खाली काढला. जोतिबाची चैत्र यात्रा, पंचगंगेचा पूर, नात्यातली लग्ने, सगळे बाबांनी याच कॅमेऱ्याने टिपले होते. ते गेल्यानंतर चौदा पावसाळे तो चामड्याच्या कव्हरात तसाच बंद राहिला. शटर अजून व्यवस्थित चालते. एक रोल घालून पाहिला, तर छायाचित्रे अगदी स्वच्छ आली. मात्र व्ह्यूफाइंडरला डोळा लावला, की खालच्या बाजूस तपकिरी, वेड्यावाकड्या कडांचा डाग दिसतो आणि उजव्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात.

शहरातल्या एका दुरुस्ती करणाऱ्यांनी सुटे भाग मिळत नाहीत, असे सांगून कॅमेरा न उघडताच परत दिला. मुंबईला पाठवता येईल, पण कुरिअरच्या हवाली करायला मन धजत नाही. घरातले शिवणयंत्र आणि किल्लीचे भिंतीवरचे घड्याळ मी स्वतः खोलून दुरुस्त केलेले आहे, त्यामुळे बारीक स्क्रूंची भीती वाटत नाही. व्ह्यूफाइंडरमधल्या प्रिझमची, म्हणजे प्रतिमा डोळ्याकडे वळवणाऱ्या काचेच्या ठोकळ्याची, चांदी गेली असेल, तर हुपरीच्या चांदी कारागिरांकडून मुलामा देऊन घेऊ, असे धाकट्या भावाचे म्हणणे आहे. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी चलतचित्रणाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथे एवढे काम जमू नये का, असाही त्याचा सवाल आहे. हा व्ह्यूफाइंडर मी घरी उघडावा, की आहे तसाच वापरत राहावा?

उद्यमनगरी

ताई, उघडायचे की नाही हे ठरवण्याआधी दोष नेमका कुठे आहे, ते शोधावे लागेल. ते शोधण्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही.

लेन्समधून आलेला प्रकाश आधी तिरक्या आरशावर पडतो, तिथून वर वळून फोकसिंग स्क्रीनवर प्रतिमा उमटवतो, आणि ती प्रतिमा प्रिझममधून फिरून आयपीसमार्गे आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचते. छायाचित्र घेताना आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश थेट फिल्मवर जातो. व्ह्यूफाइंडर इतका डागाळलेला असूनही तुमची छायाचित्रे स्वच्छ आली, त्याचे कारण हेच आहे.

ओएम-१ ची फोकसिंग स्क्रीन बदलता येते आणि लेन्स जिथे बसते त्या तोंडातूनच ती बाहेर काढता येते. लेन्स उतरवल्यावर आरशाच्या वर, पुढच्या कडेला एक लहान खिटी दिसेल. ती हलकेच दाबली की स्क्रीनची चौकट खाली झुकते. ती आरशावर आपटू देऊ नका. चौकटीला बाहेर आलेला इवलासा कान असतो, तो चिमट्याने धरूनच स्क्रीन बाहेर काढा. मग कॅमेरा उजळ भिंतीकडे रोखून व्ह्यूफाइंडरमधून पाहा. जे नाहीसे झाले ते स्क्रीनवरचे, जे उरले ते प्रिझमचे किंवा आयपीसचे. माझा अंदाज असा, की धागे बुरशीचे असावेत आणि तपकिरी डाग प्रिझमचा असावा. तपासून इथे कळवा, पुढचे त्यानंतर बोलू.

आरशाला मात्र बोट किंवा कापड अजिबात लावू नका. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, कॅमेऱ्याच्या आरशाचा मुलामा काचेच्या वरच्या अंगाला उघडा असतो. तो पुसला की ओरखडे राहतात. तिथे फक्त रबरी ब्लोअरची हवा द्यावी.

रंकाळाकाठ

वरील सल्ल्याला माझ्या हातून घडलेल्या नुकसानीची एक पुरवणी जोडतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कॅमेऱ्याची स्क्रीन मी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसली. ही स्क्रीन अॅक्रिलिकची असते. तिच्या एका अंगाला सूक्ष्म खरखरीतपणा असतो आणि अनेक स्क्रीनवर फ्रेनेल लेन्सची गोल, अतिशय उथळ वलये कोरलेली असतात. स्पिरिटने तो पृष्ठभाग धुरकट झाला आणि कापसाने मधोमध एक चकचकीत पट्टा उठला. त्यानंतर त्या पट्ट्यात फोकस कधीच नीट दिसला नाही.

म्हणून स्क्रीनवर खरोखरच बुरशी निघाली, तर भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाचा एक थेंब घातलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ती थोडा वेळ बुडवून ठेवा, न घासता हलवा, पुन्हा स्वच्छ डिस्टिल्ड वॉटरमधून काढा आणि उरलेले थेंब ब्लोअरने उडवून द्या. नळाचे पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांचे डाग उरतात. अॅसिटोन तर खोलीतसुद्धा नको.

चामड्याचे कव्हर आता वेगळे ठेवावे, हेही सांगतो. चामडे ओलावा धरून ठेवते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बुरशीला पोसायला पुरेशी असते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक एवढ्याने भागते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला, की निर्धास्त राहावे.

रसायनवर्ग

हुपरीच्या कारागिरांबद्दल मला नितांत आदर आहे, पण मुलाम्याच्या त्या कल्पनेबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. पैंजणावर मुलामा चढतो तो विजेच्या साहाय्याने, आणि त्यासाठी वस्तू वीज वाहणारी असावी लागते. काच वीज वाहत नाही. काचेवर चांदी चढवण्याची रीत निराळी आहे. सिल्व्हर नायट्रेट अमोनियात विरघळवून त्यात ग्लुकोजसारखा पदार्थ मिसळला, की चांदी सुटी होऊन काचेवर बसते. प्रयोगशाळेत हे काही मिनिटांत होते, पण उरलेले द्रावण तसेच ठेवले, तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. त्यामुळे घरी याचा प्रयोग करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रिझमला चांदी लागते कशासाठी, हेही थोडक्यात सांगतो. काचेतून हवेकडे जाणारा किरण सुमारे ४१ अंशांपेक्षा अधिक तिरका पडला, तर तो आपोआप आत परावर्तित होतो. प्रिझमच्या पुढच्या उतरत्या बाजूवर मात्र तो साधारण २२.५ अंशांवर पडतो, म्हणून तिथे चांदीवाचून प्रकाश निसटून जातो. त्या बाजूची चांदी जिथे उडाली, तिथे प्रतिमेत डाग दिसणारच. तो पुसून जाणार नाही.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी खिडकीपाशी पांढरा पंचा अंथरून स्क्रीन काढली. उद्यमनगरी यांनी लिहिल्याप्रमाणे धागे स्क्रीनबरोबर बाहेर आले आणि तपकिरी डाग जागीच राहिला. साबणाच्या पाण्यातून काढल्यावर धागे बहुतांशी गेले, कोपऱ्यात पुसटशी खूण उरली आहे. आयुष्यात पहिल्यांदाच बाबांच्या कॅमेऱ्यातून एवढे लख्ख दिसले. आता तपकिरी डागासाठी वरचे झाकण उघडावे का, एवढाच प्रश्न उरला आहे.

उद्यमनगरी

इथे घाई न करता विचार करू. स्क्रीन बसवल्यावर आधी एक तपासणी करा. कॅमेऱ्यात फिल्म नसताना मागचे दार उघडा, फिल्म जिथून सरकते त्या रुळांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवा, शटर बी वर (या खुणेवर बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडे राहते) उघडे ठेवा, आणि लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) पूर्ण उघडून तीन मीटरवरच्या कॅलेंडरवर फोकस करा. कागदावर आकडे जिथे स्पष्ट होतात, तिथेच ते व्ह्यूफाइंडरमध्येही स्पष्ट दिसले पाहिजेत. व्ह्यूफाइंडरच्या कामातला खरा धोका या जुळणीला असतो. आरसा आणि स्क्रीन यांची जागा केसभर हलली, तरी डोळ्याला जे स्पष्ट दिसते ते फिल्मवर धूसर येते. प्रिझम स्क्रीनच्या वर बसलेला असतो, त्यामुळे तो काढला-घातला तरी फोकसमध्ये फरक पडत नाही. तुमचा दोष प्रिझमचा आहे, ही त्या अर्थाने दिलाशाची गोष्ट आहे.

या मालिकेतील कॅमेऱ्यांत प्रिझमभोवती फोम लावलेला असायचा. कालांतराने तो विरघळून चिकट होतो, आणि त्यानेच प्रिझमचा काळा रंग व त्याखालची चांदी खाल्ली जाते. हा कॅमेरा १९७२ साली एम-१ या नावाने आला आणि पुढल्या वर्षी त्याचे नाव ओएम-१ झाले. इतक्या वर्षांत फोमची अशी अवस्था होणे स्वाभाविकच आहे. तो आत राहिला, तर डाग पसरू शकतो. म्हणून आहे तसेच राहू द्या, असा सल्ला मी देणार नाही.

तरीही बाबांच्या कॅमेऱ्याचे झाकण पहिल्यांदा उघडू नका. प्रकाशमापकाच्या दोन्ही सेल आयपीसच्या दोन बाजूंना असतात आणि त्यांच्या तारा केसासारख्या नाजूक असतात. कुजलेला फोम ओढला, की उरलेली चांदीही त्याच्याबरोबर निघून येते. जुन्या बाजारातून याच जातीचा बंद पडलेला कॅमेरा मिळवा आणि तो आधी खोला. त्याचा प्रिझम शाबूत निघाला, तर तोच तुमच्या कॅमेऱ्यात बसवता येईल. नाही निघाला, तरी हाताला वाट कळेल. स्क्रू जपानी पद्धतीच्या खाचेचे असतात, साध्या चौफुली ड्रायव्हरने त्यांच्या खाचा झिजतात, म्हणून जेआयएस खुणेचे ड्रायव्हर मागवा.

राजारामपुरीकर

कॅलेंडरची तपासणी केली, कागदावरचे आणि व्ह्यूफाइंडरमधले आकडे एकाच जागी स्पष्ट होतात. भावाने ओळखीतून शटर अडकलेला एक ओएम-१ मिळवला आहे, आणि खालून टॉर्च मारून पाहिले, तर त्याच्या प्रिझमवर डाग दिसत नाही. ड्रायव्हर येईपर्यंत थांबते. आधी तोच खोलणार, आणि त्याच्या तारा न तुटता प्रिझम बाहेर आला, तरच बाबांच्या कॅमेऱ्याला हात लावणार. तारा तुटल्या, तर दोन्ही कॅमेरे घेऊन मी स्वतः मुंबईला जाईन.

रंकाळाकाठ

हा निर्णय मला पूर्णपणे पटला. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी छायाचित्र घ्या आणि बर्फाच्या ट्रेच्या खणांत स्क्रू क्रमाने ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. फोमचा चिकटा धातूच्या चौकटीवरून काढताना आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल, पण प्रिझमच्या काळ्या रंगाला त्याचा स्पर्श होऊ देऊ नका. आणि प्रिझम बसवताना त्याच्याभोवती नवा फोम मुळीच लावू नका.