मदत हवी आहे: आईच्या टॅबवरचं एक अ‍ॅप रातोरात बदललं, फक्त त्याचंच ऑटो अपडेट बंद कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही. माझी आई ७१ वर्षांची आहे, दिसतं कमी आणि हात थरथरतो त्यामुळे लिहिणं सुटलं, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिला अँड्रॉइड टॅब घेऊन दिला आणि त्यात आवाज रेकॉर्ड करायचं एक अ‍ॅप टाकलं. तिच्या लहानपणच्या आठवणी, नातवंडांसाठी रचलेल्या गोष्टी, असं सगळं ती त्यात बोलून ठेवते. सुरुवातीच्या काही फाइल्समध्ये बाबांचाही आवाज आहे, ते आता नाहीत.

तिला बटणांवरची अक्षरं वाचता येत नाहीत, ती सगळं जागेवरून ओळखते. एक वही आहे, त्यात मी जाड स्केचपेनने प्रत्येक स्क्रीनचं चित्र काढून दिलंय: खाली मध्यभागी लाल गोळा म्हणजे रेकॉर्ड, तोच परत दाबला की थांबतं, डावीकडे वर बाण म्हणजे मागे. हे शिकायला तिला जवळजवळ दोन महिने लागले, रोज पंधरा मिनिटं वही मांडीवर आणि टॅब टेबलावर ठेवून बसायची.

मागच्या आठवड्यात एका सकाळी तिने अ‍ॅप उघडलं तर लाल गोळा नाही. त्याच्याऐवजी उजवीकडे खालच्या कोपऱ्यात छोटं अधिकचं चिन्ह, फाइल्सची यादी गायब, आणि मधोमध लॉगिन करा असा चौकोन. तिला वाटलं आपल्या हातून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं आणि सगळं पुसलं. तीन दिवस तिने मला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाली की बाबांचा आवाज गेला गं माझ्याकडून. मला अजून ते वाक्य आठवलं की कसंतरी होतं.

मी गेले, टॅब बघितला, तर अ‍ॅप अपडेट झालेलं. कोणी केलं नाही, आपोआप झालं. माझे प्रश्न असे:

फाइल्स अजून आहेत की गेल्या हे कसं बघू? ओळखीतल्या एकाने सांगितलं की अ‍ॅप काढून परत टाक, सगळं जागेवर येईल, तसं करू का? जुनं व्हर्जन परत आणता येतं का? आणि मुख्य म्हणजे फक्त या एका अ‍ॅपचं आपोआप अपडेट होणं बंद करता येतं का, बाकीच्यांचं चालू ठेवून?

कृपया सोप्या शब्दांत सांगा, मला यातलं फार कळत नाही.

पिंपळपान:
ताई सगळ्यात आधी, अ‍ॅप काढू नका!! अनइन्स्टॉल केलं की अ‍ॅपने टॅबमधल्या स्वतःच्या जागेत ठेवलेला डेटा त्याच्याबरोबर जातो. अपडेट झाल्यावर मात्र डेटा तसाच राहतो, नुसता वरचा चेहरा बदलतो, त्यामुळे फाइल्स बहुतेक तिथेच असणार, यादी दुसरीकडे हलवली असेल. डावीकडे वर तीन आडव्या रेघा आहेत का बघा, त्यात लायब्ररी किंवा माझ्या फाइल्स असं काही असेल. आणि सेटिंगमध्ये जाऊन क्लिअर स्टोरेज किंवा क्लिअर डेटा कोणी दाबायला सांगितलं तर ते पण दाबू नका. क्लिअर कॅशे (तात्पुरत्या फाइल्स पुसणं) दाबलं तर चालतं, पण आत्ता त्याचीही गरज नाही.

फाइल्स दिसल्या की त्याच दिवशी सगळ्या शेअर करून दुसरीकडे कॉपी करा, कॉम्प्युटरवर किंवा गूगल ड्राइव्हवर. बाकी सगळं नंतर.

रानजाई:
एका अ‍ॅपचं बंद करता येतं. प्ले स्टोअर उघडा, त्या अ‍ॅपचं पान शोधून त्यावर जा, उजवीकडे वर तीन ठिपके असतात ते दाबा, तिथे एनेबल ऑटो अपडेट अशी टिक असते ती काढा. झालं. बाकीची अ‍ॅप्स आपली आपली अपडेट होत राहतील, हे एक सोडून.

सगळ्यांचंच बंद करायचं असेल तर प्ले स्टोअरमध्ये वर आपल्या फोटोच्या गोलावर दाबून सेटिंग्ज, मग नेटवर्क प्रेफरन्सेस, मग ऑटो-अपडेट अ‍ॅप्स. पण तुम्हाला ते नकोय असं दिसतंय, आणि बरोबर आहे तुमचं.

दूरचा_दिवा:
मी तर सरळ सगळं बंद ठेवतो. फोन माझा, कधी काय बदलायचं ते मी ठरवणार. चार वर्षं झाली, काही बिघडलं नाही. ताई तुम्ही पण सगळं बंद करा आणि निर्धास्त व्हा.

रानजाई:
@दूरचा_दिवा, तुमचं तुम्ही बघून अपडेट करत असाल तर ठीक, पण ७१ वर्षांच्या बाईच्या टॅबवर सगळं बंद ठेवणं मला पटत नाही. अपडेटमध्ये नुसते रंग आणि बटणं बदलत नाहीत, सुरक्षेची भोकं पण त्यातच बुजवतात. २०१९ च्या मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमध्ये अशी त्रुटी सापडली होती की समोरच्याने कॉल उचलला नाही तरी फोनमध्ये पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर शिरू शकत होतं, तेव्हा ते वापरणारे जगभरात १५० कोटी लोक होते आणि कंपनीने सगळ्यांना सांगितलं, नवीन व्हर्जन घ्या. ज्यांचं ऑटो अपडेट चालू होतं त्यांना त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. बँकेचं अ‍ॅप, मेसेजची अ‍ॅप्स, ब्राउझर, यांचं कधीही बंद करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या अ‍ॅपमध्ये पैसे नाहीत, अनोळखी लोकांचे मेसेज येत नाहीत, त्याचं थांबवलं तर धोका त्यामानाने कमी.

दूरचा_दिवा:
हे मान्य. मी दर रविवारी यादी बघून हाताने करतो म्हणून मला चालतं. ताईंच्या आई तसं करणार नाहीत हे माझ्या लक्षात आलं नाही, माझा सल्ला मागे घेतो.

कौलारू:
रात्रीच का झालं ते सांगतो. प्ले स्टोअर साधारण दिवसातून एकदा नवीन काही आलंय का ते तपासतं, आणि टॅब वायफायवर असेल, चार्जिंगला लावलेला असेल, कोणी वापरत नसेल आणि ते अ‍ॅप समोर उघडं नसेल अशी वेळ बघून अपडेट टाकतं. तुमच्या आई रात्री झोपताना टॅब चार्जिंगला लावत असणार, बरोबर ना? म्हणजे सगळ्या अटी रात्रीच पूर्ण होतात. म्हणूनच माणूस झोपताना एक बघून झोपतो आणि सकाळी दुसरंच समोर येतं.

अजून एक. टिक काढल्यावरही अपडेट झालं तर टॅबमध्ये दुसरं स्टोअर आहे का बघा. सॅमसंगच्या टॅबवर गॅलक्सी स्टोअर असतं, शाओमीवर गेटअ‍ॅप्स, त्यांची ऑटो अपडेटची सेटिंग वेगळी असते. प्ले स्टोअरमध्ये बंद केलं म्हणजे तिकडेही बंद झालं असं नाही. यात भलेभले फसतात.

जुन्या व्हर्जनबद्दल: प्ले स्टोअरवर मागचं व्हर्जन मिळत नाही. बाहेरच्या साइटवरून जुनी एपीके फाइल (अ‍ॅप बसवायची फाइल) आणून टाकायला गेलात तर अँड्रॉइड नव्यावर जुनं बसवू देत नाही, आधी नवं काढावं लागतं, म्हणजे परत डेटा जाण्याचा प्रश्न आला. शिवाय त्या फाइलमध्ये कोणी काय भरलंय ते आपल्याला कळत नाही. टॅबबरोबर कंपनीतूनच आलेलं अ‍ॅप असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स असा पर्याय असतो, पण त्यानेही त्या अ‍ॅपचा डेटा पुसला जातो. सांगायचं म्हणजे मागे जायचा रस्ता जवळजवळ नाही, पुढचं थांबवणं हातात आहे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः काढू नका म्हणून लगेच सांगितलंत त्यांचे. मी खरंच दुसऱ्या दिवशी काढून परत टाकणार होते, नुसत्या विचारानेच पोटात गोळा येतोय.

फाइल्स सापडल्या!! तीन रेघांच्या आत लायब्ररी म्हणून आहे तिथे सगळ्या आहेत. लॉगिनचा चौकोन बाजूला फुली दाबून बंद होतो, लॉगिन केलंच पाहिजे असं नाही, ती फुली एवढी फिकट राखाडी आहे की मलाच चष्मा लावून दिसली, आईला कुठून दिसणार. आईला बाबांची फाइल लावून दाखवली. ती काही बोलली नाही, टॅब कानाजवळ धरून बसली होती बराच वेळ.

टिकही काढली. आता एक शंका, माझ्या स्वतःच्या फोनवर हेच अ‍ॅप आहे आणि ऑटो अपडेट चालू आहे, तरी माझ्याकडे अजून जुनंच दिसतंय, लाल गोळा मध्यभागी. असं कसं? आणि मग टिक काढून खरंच उपयोग होईल ना?

कौलारू:
दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे अपडेट एकदम सगळ्यांना देत नाहीत, आधी थोड्या टक्के लोकांना देऊन काही तक्रारी येतात का ते बघतात आणि मग हळूहळू वाढवतात. तुमच्या आईंचा टॅब पहिल्या तुकडीत आला, तुमचा फोन नाही.

दुसरं जरा वाईट आहे पण सांगितलेलं बरं. काही बदल अ‍ॅपमध्ये आधीच भरून ठेवलेले असतात आणि कंपनी तिच्या सर्व्हरवरून (तिच्याकडच्या कॉम्प्युटरवरून) ते चालू करते, त्यावेळी फोनवर अपडेट होतच नाही, तरी सकाळी स्क्रीन वेगळी दिसते. आपण टिक काढल्याने त्याला काही फरक पडत नाही. तसंच काही अ‍ॅप्स फार जुनी झाली की उघडल्यावर आधी अपडेट करा मगच पुढे जा म्हणतात. त्यामुळे टिक काढल्याने बराचसा त्रास थांबेल, सगळा थांबेल असं मी सांगणार नाही.

आवाज रेकॉर्ड करण्यापुरतंच हवं असेल तर ज्याला खातं, लॉगिन, इंटरनेट काहीच लागत नाही असं साधं रेकॉर्डर अ‍ॅप घ्या. सर्व्हरशी बोलतच नाही त्याचा चेहरा सर्व्हरवरून कोण बदलणार.

सांजवात:
धागा थोडा वळवते, माफ करा. माझ्या वडिलांकडे आयपॅड आहे, तिकडे पण असं एका अ‍ॅपचं बंद करता येतं का? आणि त्यांच्याकडे वायफाय नाही, माझ्या भावाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालवतात, डेटा भराभर संपतो.

पिंपळपान:
@सांजवात, आयपॅडवर एकेका अ‍ॅपचं नाही बंद करता येत, एक तर सगळ्यांचं नाही तर कोणाचंच नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप स्टोअर (नवीन सिस्टिम असेल तर आधी अ‍ॅप्स, मग त्यात अ‍ॅप स्टोअर) तिथे ऑटोमॅटिक डाउनलोड्सच्या खाली अ‍ॅप अपडेट्स असं बटण आहे. त्याच्याच शेजारी अ‍ॅप डाउनलोड्स म्हणून दुसरं आहे, ते वेगळं, त्याने तुम्ही त्याच खात्यावर दुसऱ्या डिव्हाइसवर घेतलेली अ‍ॅप्स वडिलांच्या आयपॅडवर येऊन बसतात. दोघं एकच खातं वापरत असाल तर ते नक्की बंद करा, नाहीतर त्यांना रोज नवीन चिन्हं दिसतील आणि ही कुठून आली म्हणून घाबरतील. अपडेट्स बंद केलेत तर मग महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः अ‍ॅप स्टोअरमध्ये खात्याच्या पानावर जाऊन हाताने करून द्या, सोडून देऊ नका.

हॉटस्पॉटचं असं आहे की तो टॅबला वायफायच वाटतो, म्हणून फक्त वायफायवर असं सेटिंग असूनही डेटा जातो. आयपॅडवर वायफायमध्ये त्या नेटवर्कच्या नावापुढे गोलात छोटा i असतो तो दाबून लो डेटा मोड चालू करा. अँड्रॉइडवाल्यांनी त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन मीटर्ड (म्हणजे मोजका डेटा असलेलं) करून टाकायचं.

कौलारू:
डेटावरून आठवलं. अपडेट म्हणजे दर वेळी पूर्ण अ‍ॅप परत उतरत नाही, बदललेला भागच येतो. गूगलने २०१६ च्या डिसेंबरमध्ये यात सुधारणा जाहीर केली तेव्हा अपडेट पूर्ण अ‍ॅपपेक्षा सरासरी ६५ टक्के लहान होतं असं सांगितलं होतं, मात्र तो तुकडा जोडायला फोनला जास्त मेहनत पडते म्हणून ती पद्धत तेव्हा फक्त आपोआप होणाऱ्या अपडेटला ठेवली होती.

धागाकर्ती:
परत आले. काल दिवसभर आईकडेच होते. सगळ्या फाइल्स एकेक शेअर करून कॉम्प्युटरवर घेतल्या, ८४ आहेत, दोन वेळा मोजल्या, आणि एका पेनड्राइव्हवरही टाकल्या. माझ्या फोनवर जुनं अजून आहे त्याचं काय करायचं असा विचार केला, मग मीही नवीनच घेतलं, म्हणजे फोनवर तिला सांगताना आम्हा दोघींच्या समोर एकच स्क्रीन असेल.

आता ठरवलंय की त्या अ‍ॅपचं अपडेट मी तिच्याशेजारी बसलेली असतानाच करायचं, महिन्याच्या पहिल्या रविवारी, वही उघडी ठेवून. बाकीच्यांचं ऑटो चालू ठेवलंय. वहीत नवीन पान केलं, अधिकचं चिन्ह मोठं काढलं, फुली काळ्या पेनने जाड केली, त्यावेळी आईने विचारलं की हे परत बदललं तर? तिला सांगितलं की बदललं तर तू काही केलेलं नाहीस, मला लगेच फोन करायचा, तीन दिवस थांबायचं नाही. तिने पानाच्या वर माझा नंबर माझ्याकडून मोठ्या आकड्यांत लिहून घेतला.

कौलारू, तुम्ही म्हणालात तसं लॉगिन, इंटरनेट काही न लागणारं रेकॉर्डर शोधतेय. कोणी वापरत असेल आणि बटण मोठं असेल तर नाव सुचवा, मधोमध असेल तर फारच छान.